मदत हवी आहे: मुलगी उन्हात एकच डोळा मिटते, मध्येच डोळा बाहेर जातो. दाखवू की वाट पाहू?

ओंजळ

नमस्कार. प्रश्न लहान आहे की मोठा तेच कळत नाहीये, म्हणून विचारते.

लेक साडेतीन वर्षांची आहे. गेले दोनेक महिने बाहेर उन्हात गेलं की ती डावा डोळा मिटून घेते. दोन्ही डोळे किलकिले करत नाही, फक्त डावाच, आणि तोही घट्ट. सासूबाई म्हणतात, "बघ कशी डोळा मारते!" आम्ही हसलो की ती आणखी मुद्दाम करते. त्यामुळे खरं किती आणि नाटक किती, याचा पत्ता लागत नाही.

गेल्या आठवड्यात मात्र जे पाहिलं ते डोक्यातून जात नाहीये. रात्री झोपताना गोष्ट सांगत होते. ऐकता ऐकता ती कुठेतरी हरवली आणि तिचा डावा डोळा हळूच कानाच्या बाजूला सरकला. उजवा डोळा माझ्याकडे, डावा भिंतीकडे. दोन सेकंद, फार तर तीन. मी "काय गं?" म्हटलं, तिने पापणी लववली आणि डोळा जागेवर. नवऱ्याला हाक मारेपर्यंत सगळं जिथल्या तिथे. तो म्हणाला, "तू दमलीयेस." म्हणजे तपासणी माझीच.

एरवी काहीच तक्रार नाही. जमिनीवर सांडलेला मणी पहिल्यांदा तिलाच सापडतो, विमान माझ्याआधी दिसतं, पुस्तकाच्या पानावर कोपऱ्यात काढलेली मुंगी ती बोट ठेवून दाखवते. आम्हा दोघांना चष्मा नाही, नणंदेला लहानपणापासून आहे. मुलांच्या डॉक्टरांकडे दुसऱ्याच कारणाने गेलो होतो तेव्हा विषय काढला. त्यांनी टॉर्च मारून पाहिलं, म्हणाले, "आत्ता तरी सरळ दिसतायत, लक्ष ठेवा." आता लक्ष ठेवायचं म्हणजे मी नक्की काय करायचं? तिच्या तोंडाकडे बघत बसायचं?

घरी काही करून खात्री करता येते का? की सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं? आणि गेलो तरी ते तपासणार काय? तिला अक्षरं येत नाहीत. "दिसतंय का?" म्हटलं की डोळे मिटूनसुद्धा "हो" म्हणते.

भटकाढग

ताई, घाबरू नका. माझ्या भाच्याचं अगदी असंच होतं. सात-आठ महिन्यांचा असताना डोळे नाकाकडे वळल्यासारखे दिसायचे, सगळ्यांनी बहिणीला हैराण केलं. दोन वर्षांचा होईतो आपोआप गेलं. लहान जिवाला उगाच थेंब-बिंब कशाला? वर्षभर थांबा.

तिरपीरेघ

भटकाढग, तुमच्या भाच्याचं झालं ते खरंच असणार, पण ही गोष्ट वेगळी आहे. बाळाच्या नाकाचा दांडा बसका आणि रुंद असतो, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर कातडीची घडी असते. त्या घडीखाली आतला पांढरा भाग झाकला जातो, म्हणून सरळ असलेला डोळाही नाकाकडे वळल्यासारखा भासतो. नाक वर आलं की भास संपतो. डोळा बाहेर जाताना दिसला तर त्याचं खापर नाकावर फोडता येत नाही. पहिल्या तीन-चार महिन्यांत बाळाचे डोळे अधूनमधून इकडेतिकडे झाले तर चालतं. साडेतीन वर्षांना ती सवलत नाही.

ओंजळ, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळे तपासून नंबर काढणारी. इथे बसून निदान करणार नाही, ते होतही नाही. पण उन्हात एकच डोळा मिटणं, दमल्यावर किंवा तंद्री लागल्यावर डोळा बाहेर सरकणं, पापणी लवताच परत येणं, हे तिन्ही एकत्र आई-वडिलांच्या तोंडून आम्ही वारंवार ऐकतो. अधूनमधून होणारा बाहेरचा तिरळेपणा बऱ्याचदा असाच सुरू होतो. मेंदू बराच वेळ दोन्ही डोळे एका जागी धरून ठेवतो आणि पकड सुटली की एक निसटतो. तो निसटतो मुख्यतः लांब बघताना. टॉर्च म्हणजे जवळची चमकणारी गोष्ट, मूल त्याच्याकडे टक लावून बघतं, पकड घट्ट होते आणि डोळे सरळ दिसतात. त्यामुळे डॉक्टरांना दिसलं तेही खरं आणि तुम्हाला दिसलं तेही खरं.

घरी काय करता येईल? मोबाइलमधले जुने फोटो काढा, ज्यात ती थेट कॅमेऱ्याकडे बघतेय असे. दोन्ही डोळ्यांत उजेडाचा एक बारीक ठिपका असतो. फोटो मोठा करून बघा. डोळे सरळ असतील तर तो दोन्हीकडे साधारण एकाच जागी दिसतो. डोळा बाहेर गेलेला असेल तर त्या डोळ्यातला ठिपका नाकाच्या बाजूला सरकलेला असतो, आत वळला असेल तर कानाच्या बाजूला. एकोणिसाव्या शतकातल्या हिर्शबर्ग या जर्मन नेत्रतज्ज्ञाच्या नावाने ही तपासणी ओळखली जाते आणि आजही आम्ही ती रोज करतो. संध्याकाळी ती पेंगुळली असताना, लांबचं काही बघत असताना एक छोटा व्हिडिओ घेऊन ठेवा. तपासणीच्या वेळी मुलं हमखास शहाण्यासारखी वागतात, तेव्हा तो उपयोगी पडतो.

दुसरं म्हणजे खेळता खेळता तळहाताने एकेक डोळा झाका. एक झाकला की निवांत खेळतेय आणि दुसरा झाकला की चिडून हात ढकलतेय, असा फरक दरवेळी आला तर ज्या डोळ्यावरचा हात ती ढकलते तो चांगला डोळा असण्याची शक्यता आहे.

आता महत्त्वाचं. या दोन्ही गोष्टींचा उपयोग एकाच बाजूने आहे. काही दिसलं तर जायचं. काही दिसलं नाही म्हणून जायचं टाळायचं नाही. मणी, विमान, मुंगी हे सगळं एका चांगल्या डोळ्याने होतं. ज्या मुलाला एका डोळ्याने जन्मापासून धूसर दिसतं त्याला ते धूसर आहे हेच ठाऊक नसतं, तक्रार कुठून करणार?

रात्रीत धावपळ करायची गरज नाही. एक-दोन आठवड्यांत लहान मुलांचे डोळे तपासणाऱ्या नेत्रतज्ज्ञांची वेळ घ्या. मात्र बाहुलीत पांढरी झाक दिसली, डोळा एकाएकी वळला आणि वळलेलाच राहिला, पापणी खाली आली, एकाची दोन दिसतात म्हणाली, तिरळेपणाबरोबर डोकेदुखी-उलट्या सुरू झाल्या किंवा डोळ्याला मार लागला, तर वेळबीळ घेत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

जुनाचष्मा

सहसा मी वाचून पुढे जातो. आज लिहितो.

मला डाव्या डोळ्याने कमी दिसतं हे मला एकोणिसाव्या वर्षी कळलं. वाहन परवान्यासाठी डोळे तपासायचे होते. उजवा झाकून वाच म्हणाले. मी झाकला आणि समोरचा तक्ता गेला. तक्ता दिसत होता, पण त्यावर अक्षरं आहेत असं नुसतं वाटत होतं, वाचता येईना. मला वाटलं डोळ्यावर हात दाबून धरला होता म्हणून असेल, दोनदा डोळे चोळले. मागे रांग होती.

लहानपणी सगळ्यांना वाटायचं हा वेंधळा आहे. पेनाला टोपण लावताना ते अजूनही आधी बाजूने घसरतं. पेल्यात पाणी ओतताना तांब्याचं तोंड मी पेल्याच्या काठाला टेकवतो, कारण अंतर कळत नाही. झेल तर कधी घेतलाच नाही, मैदानात मला कायम लांब उभं करायचे. आईला आज सांगितलं तर तिला वाईट वाटतं, म्हणून सांगत नाही. तिची चूक नव्हतीच. माझा डोळा दिसायला अगदी सरळ आहे. तिला दिसण्यासारखं काही नव्हतंच.

ओंजळताई, तुम्हाला निदान काहीतरी दिसलंय. जा.

शेवटचाबाक

+१. तिरळेपणावर डोळे गोल फिरवायच्या व्यायामाचे व्हिडिओ आहेत, ते आधी महिनाभर करून बघायला काय हरकत आहे? आणि मोबाइल पूर्ण बंद करा, हे सगळं त्यानेच होतं.

तिरपीरेघ

शेवटचाबाक, डोळे गोल फिरवून नंबर कमी होत नाही आणि आळशी डोळाही, म्हणजे मेंदूने ज्याचं ऐकणं सोडलंय असा डोळा, जागा होत नाही. ठरावीक दोषांत थोड्या मोठ्या मुलांना आम्ही व्यायाम देतो, पण ते तपासून, नेमून दिलेले. साडेतीन वर्षांच्या मुलीचा महिना त्यात घालवायला माझी हरकत आहे. मोबाइल कमी असावा याला माझा पाठिंबाच, पण या मुलीच्या डोळ्याचा आळ त्याच्यावर घालू नका.

जुनाचष्मा, तुमचं वाचून पोटात तुटलं. तुम्ही लिहिलंय ते सगळं, टोपण, पाणी, झेल, हे दोन डोळ्यांची चित्रं एकत्र न जुळल्यामुळे खोली न कळण्याचं वर्णन आहे.

ओंजळ

सगळ्यांचे आभार. जुनाचष्मा, तुमचं लिहिलेलं नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही, उठून वेळ घ्यायला फोन केला. शुक्रवारची मिळालीय.

डोळा झाकायचा खेळ केला. उजवा झाकला, तिने हात झटकला. डावा झाकला, तरी झटकला. मग स्वतःच माझे दोन्ही डोळे झाकले. शून्य निष्कर्ष.

तिरपीरेघ, अक्षरं न येणाऱ्या मुलीचा नंबर कसा काढतात ते राहिलं. आणि थेंबांचं काय? ते घातलेच पाहिजेत का? खूप चुरचुरतात म्हणे.

तिरपीरेघ

अक्षरांऐवजी चित्रं असतात. घर, सफरचंद, गोल, चौकोन. लेआ हिवरिनेन या फिनलंडच्या डॉक्टरांनी ती बनवली. मुलाला नाव सांगता आलं नाही तरी हातातल्या कार्डावर तसंच चित्र बोटाने दाखवलं की झालं. घरी आधी चित्र जुळवायचा खेळ खेळून ठेवा, शुक्रवारी सोपं जाईल.

नंबर काढायला तर तिच्या उत्तराची गरजच नसते. रेटिनोस्कोप नावाचं हातात धरायचं यंत्र असतं. त्याची उजेडाची पट्टी बाहुलीवरून फिरवली की आतून येणारी चमक पट्टीबरोबर सरकते किंवा उलट दिशेला. मध्ये भिंगं धरत जायची आणि ती सरकणं थांबलं की नंबर हाती येतो. तान्ह्या बाळाचाही असाच काढतात.

थेंब हवेतच. लहान मुलांची डोळ्यातलं भिंग फुगवून फोकस जुळवण्याची ताकद इतकी असते की नंबर त्यात लपतो. थेंबांनी ते स्नायू थोडा वेळ सैल पडतात, बाहुली मोठी होते आणि मागचा पडदाही नीट बघता येतो. चुरचुरतात, खोटं कशाला सांगू, अर्धा मिनिट. जवळचं धूसर दिसतं, उजेड सोसत नाही, हे साधारण एक दिवस. काही ठिकाणी तीन दिवस घरी लावायचं मलम देतात, त्याचा असर आठवडा-दोन आठवडे टिकू शकतो. थेंब घातल्यावर नाकाजवळच्या कोपऱ्यावर मिनिटभर बोट दाबून धरा, म्हणजे औषध नाकातून अंगात कमी जातं. चेहरा लालबुंद झाला किंवा ताप आला तर डॉक्टरांना कळवा. टोपी घेऊन जा, परतताना लागेल.

ओंजळ

आत्ता रात्रीचे पावणेबारा वाजलेत, कोणी जागं आहे का?

ठिपका बघायला सगळे फोटो चाळत होते. बहुतेक ठीक आहेत, दोनात डाव्या डोळ्यातला ठिपका नाकाकडे आहे, म्हणजे तुम्ही म्हणालात तसं. पण वाढदिवसाच्या एका फ्लॅशच्या फोटोत उजवी बाहुली लाल आहे आणि डावी पांढरट-पिवळी. लाल अजिबात नाही. त्यात ती उजवीकडे भावाच्या हातातल्या फुग्याकडे बघतेय. मी उगाच शोधत बसले आणि आता हात थरथरतायत.

तिरपीरेघ

जागी आहे. आधी पाणी प्या.

तुम्हीच लिहिलंय की ती उजवीकडे बघतेय. तसं बघताना डावा डोळा नाकाकडे वळतो. साधारण १५ अंश वळला की फ्लॅशचा उजेड आत नेमका डोळ्याची शीर जिथून निघते त्या चकतीवर पडतो. ती फिकट रंगाची असते, म्हणून बाहुली पांढरी येते. निरोगी मुलांच्या फोटोतही हे दिसतं.

पण "तसंच असेल" असं म्हणून मी तुम्हाला झोपवणार नाही. अशी पांढरी झाक मोतीबिंदूत येते, पडद्याच्या काही आजारांत येते आणि रेटिनोब्लास्टोमा या डोळ्याच्या कर्करोगातही येते. तो फार विरळा आहे, साधारण १५ ते २० हजार जन्मांत एक, बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आतल्या मुलांत. वेळेत सापडला तर बहुतेक मुलं वाचतात. फोटोवरून हो किंवा नाही कोणीच म्हणू शकत नाही. बाहुली मोठी करून पडदा पाहिला की कळतं. म्हणून शुक्रवारपर्यंत थांबू नका. सकाळी फोन करून एवढंच सांगा: "फोटोत एका बाहुलीत पांढरी चमक आलीय, मूल साडेतीन वर्षांचं आहे, आजच दाखवायचं आहे." हे शब्द ऐकले की पुढची तारीख सहसा देत नाहीत. तो फोटो जपून ठेवा.

जुनाचष्मा

ताई, सकाळी कळवा. वाट बघतोय.

ओंजळ

पडदा दोन्ही डोळ्यांचा स्वच्छ आहे. आधी हे एवढंच लिहिते.

(संध्याकाळी लिहितेय आता सविस्तर.) सकाळी तेच वाक्य कागदावर लिहून फोन केला, दुपारी बोलावलं. फोटो बघून डॉक्टरही तुम्ही म्हणालात तसंच म्हणाल्या, पण थेंब घालून डोक्यावर दिवा लावून पडदा कडेपर्यंत पाहिला आणि मगच "काही नाही" म्हणाल्या. थेंबांना लेक अशी काही ओरडली की बाहेर बसलेली दोन मुलंही रडायला लागली.

डोळा बाहेर जातो हे खरं निघालं. लांब खिडकीबाहेर बघायला लावून एक डोळा झाकला-उघडला, तेव्हा तिथे माझ्या नवऱ्यालाही दिसला. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. त्यावर लगेच काही करायचं नाही, किती वेळा आणि किती वेळ जातो याची नोंद ठेवायची, चार महिन्यांनी पुन्हा मोजणार.

पण गेलो त्यासाठी ते राहिलं बाजूला आणि निघालं भलतंच. उजव्या डोळ्याला नंबर जवळजवळ नाही. डाव्याला अडीचचा सिलिंडर नंबर, म्हणजे डोळ्याचा बाक सगळीकडे सारखा नसल्याचा! चित्रं उजव्याने ६/९ पर्यंत ओळखली (इतरांना नऊ मीटरवरून दिसतं ते तिला सहा मीटरवरून), डाव्याने ६/२४ ला अडली. सफरचंदाला घर म्हणाली आणि मग ओढणीत तोंड लपवलं. म्हणजे तो डोळा आळशी होत चाललाय. इतके दिवस डावा डोळा बाहेर जातो म्हणून मी त्याच्याकडे बघत होते, त्याला कमी दिसतंय हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

आता चष्मा, दिवसभर. दोन महिन्यांनी तपासून पट्टीचं ठरवू म्हणाल्या. सासूबाईंचं म्हणणं, एवढ्या लहान वयात चष्मा लावला की नंबर वाढत जातो. आणि पट्टी लावावी लागली तर दिवसभर का?

तिरपीरेघ

हुश्श.

सासूबाईंना सांगा, चष्म्याने नंबर वाढत नाही. धूसर चित्र मिळत राहिलं तर मेंदू त्या डोळ्याचं ऐकणं सोडून देतो. चष्मा ते चित्र स्पष्ट करून देतो, म्हणून आधी नुसता चष्मा. बऱ्याच मुलांची नजर तेवढ्यानेच काही ओळी वर येते. पट्टीची वेळ आलीच तर ती चांगल्या डोळ्यावर, आणि दिवसभर लागेलच असं नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत ३ ते ७ वर्षांच्या मुलांत, मध्यम कमजोरी असेल तर, रोज २ तास आणि रोज ६ तास पट्टी यांचा परिणाम चार महिन्यांनी सारखाच निघाला. तुमच्या मुलीचं ६/२४ त्याच गटात मोडतं. तास मात्र डॉक्टरच ठरवतील.

आणखी एक: धाकटा किंवा थोरला जो भाऊ आहे, त्याचेही डोळे एकदा तपासून घ्या. हे घराण्यात फिरतं.

भटकाढग

ताई, मी वर्षभर थांबा म्हणालो होतो. चुकलं. भाच्यालाही एकदा दाखवून घ्यायला सांगितलंय बहिणीला.

ओंजळ

दोन महिने झाले. डावा डोळा नुसत्या चष्म्यावर ६/१२. पट्टी सध्या नाही. भाऊ तपासला, तो ठणठणीत. डोळा बाहेर जाण्याची वही सासूबाईंनी स्वतःकडे घेतलीय. वेळ, किती सेकंद, तेव्हा ती काय करत होती, सगळं लिहितात. मागच्या आठवड्यात चार नोंदी, सगळ्या संध्याकाळच्या.

आता एक बारीक प्रश्न. चष्मा ती काढत नाही, पण नाकावर खाली ओढून वरून बघते, मास्तरासारखी. हे चालेल का?

तिरपीरेघ

चालणार नाही. भिंगातून बघितलं तरच त्याचा उपयोग. बहुतेकदा फ्रेम सैल असते, लहान मुलांचं नाक ती धरून ठेवत नाही. दुकानात नेऊन नाकावरचा भाग आणि कानामागच्या काड्या बसवून घ्या, मागून इलॅस्टिकचा पट्टा लावा. त्यानंतरही वरूनच बघत राहिली तर पुढच्या तपासणीची वाट न बघता फोन करा, काचा नंबराप्रमाणे बनल्यात का ते यंत्रावर मोजून घेतील. जाताना चष्म्याचा कागद बरोबर न्या.